धवलेचें ताडपत्र आणि एक गळलेला शब्द

पुण्याहून सोलापूरकडे जाणारा हमरस्ता इंदापूरवरून जातो. त्या तालुक्यांतील वालचंदनगर हें नांव साखरेच्या आणि यंत्रांच्या कारखान्यांमुळें महाराष्ट्रांत घरोघर माहीत आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनीं उजाड माळावर ही उद्योगनगरी वसविली. परंतु त्यांचे वडील, सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी, यांनीं आपल्या उमेदीच्या काळांत एका निराळ्याच कामाचा पाया घातला होता, हें फारसें कोणास ठाऊक नसतें. त्या कामास ना बाष्पयंत्र लागलें, ना चिमणी. बोरूची लेखणी, शाई, कागद आणि सव्वीस वर्षें एवढेंच भांडवल त्यास पुरलें. आणि ज्या ग्रंथांचें नुसतें दर्शन घेऊन शेंकडों वर्षें लोक परत जात होते, ते ग्रंथ त्यामुळें वाचतां येऊं लागले. ते ग्रंथ म्हणजे धवला, जयधवला आणि महाबंध. लोकांच्या तोंडीं धवल, जयधवल आणि महाधवल.

बारामती, इंदापूर, फलटण आणि सोलापूर या टापूंत दिगंबर जैन व्यापाऱ्यांची घरें पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलीं आहेत. त्या घरांतून सकाळीं जो पंचनमस्काराचा पाठ म्हटला जातो, तो लहान मुलांस देखील मुखोद्गत असतो. परंतु अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय आणि साधु यांना वंदन करणारा हा पाठ हेंच एका प्रचंड ग्रंथाचें पहिलें सूत्र आहे, ही गोष्ट मोठ्यांच्याहि ध्यानीं क्वचितच असते. त्या ग्रंथाचें नांव षट्‌खंडागम, आणि धवला ही त्याच ग्रंथाची टीका.

हा आगम लिहिला कसा गेला, याची कथा परंपरेनें जपून ठेविली आहे. महावीरांच्या निर्वाणानंतर कांहीं शतकें सर्व शास्त्र गुरुमुखानें शिष्याच्या कानांत आणि शिष्याच्या कंठांत राहिलें. स्मरणशक्ति पिढीगणिक उणी होत चालली. सौराष्ट्रांत गिरनारच्या चंद्रगुफेंत राहणारे धरसेनाचार्य वृद्ध झाले, तेव्हां त्यांना धास्ती पडली कीं, आपणांस येतें तें आपणांबरोबरच लुप्त होईल. दक्षिणापथांत महिमा नांवाच्या नगरींत मुनींचा मेळावा भरला होता. तेथें त्यांनीं पत्र धाडलें. ही महिमानगरी म्हणजे सातारा जिल्ह्यांतील महिमानगड असावा, असा एक तर्क अभ्यासकांनीं मांडला आहे. तो खरा धरला, तर या कथेचा एक धागा बारामतीपासून फार दूर जात नाहीं.

पत्रानुसार दोन तरुण मुनि गिरनारास आले. धरसेनांनीं त्यांची परीक्षा घेतली, ती मोठी अर्थपूर्ण आहे. दोघांस एकेक मंत्र साधण्यास दिला. एकांत एक अक्षर जास्त होतें, दुसऱ्यांत एक अक्षर कमी. मंत्र सिद्ध झाला तेव्हां देवता प्रगट झाल्या, पण एकीचे दांत पुढें आलेले, आणि दुसरी एका डोळ्याची. देवतांचें रूप असें विद्रूप असणार नाहीं, तेव्हां दोष मंत्राच्या पाठांतच असला पाहिजे, असें ओळखून त्या दोघांनीं अक्षरें नीट केलीं आणि मग देवता आपल्या शुद्ध रूपांत दिसल्या. गुरूंची खात्री पटली. पुढें हेच दोघे पुष्पदंत आणि भूतबलि या नांवांनीं प्रसिद्ध झाले. एका अक्षराच्या कमीअधिकपणानें केवढा अनर्थ होतो, हा धडा ग्रंथाच्या जन्मकथेंतच घालून ठेविलेला आहे. आणि अठरा शतकांनंतर तो कसा प्रत्ययास आला, हें पुढें दिसेल.

पुष्पदंतांनीं वनवास देशीं राहून पहिलीं १७७ सूत्रें रचिलीं. पुढील सारी रचना भूतबलींनीं द्रविड देशांत पूर्ण केली. ग्रंथ पुरा होऊन त्याची पूजा झाली ती ज्येष्ठ शुद्ध पंचमीस. ती तिथि आजहि श्रुतपंचमी म्हणून पाळली जाते. ग्रंथाचे खंड सहा. पहिल्या पांचांत जीव किती प्रकारचे, त्यांच्या आत्मोन्नतीच्या पायऱ्या कोणत्या, कोणता जीव कोणतें कर्म बांधतो, याचा विचार आहे. सहाव्या खंडास महाबंध म्हणतात. कर्माचा स्वभाव कोणता, तें किती काळ टिकतें, त्याचें फळ किती तीव्र आणि त्याचें प्रमाण किती, या चार अंगांनीं बंधाचा जो तपशील त्यांत दिला आहे, तो एखाद्या सावकाराच्या खतावणीसारखा काटेकोर आहे. जैन तत्त्वज्ञानांत कर्म ही केवळ नीतीची कल्पना नसून आत्म्यास चिकटणारें सूक्ष्म द्रव्य आहे. म्हणून त्याचा हिशेब ठेवतां येतो, अशी ही विचारसरणी आहे.

सूत्रें थोडक्या शब्दांचीं आणि शौरसेनी प्राकृतांतील. तीं गुरूवांचून उकलत नाहींत. म्हणून त्यांवर वेळोवेळीं टीका झाल्या, आणि त्या सर्वांना मागें टाकणारी टीका वीरसेनाचार्यांनीं लिहिली. चित्रकूटपुरीं एलाचार्यांपाशीं सिद्धांताचें अध्ययन करून ते वाटग्रामीं आले, आणि तेथील जिनालयांत राहून त्यांनीं धवला रचिली. हें वाटग्राम नाशिक जिल्ह्यांत होतें असें कांहीं संशोधक म्हणतात, तर कांहीं तें बडोद्याकडे नेतात. तो काळ राष्ट्रकूटांच्या वैभवाचा. धवलेच्या समाप्तीचा काळ शके ७३८, म्हणजे इसवी सन ८१६, असा डॉ. हिरालाल जैन यांनीं ठरविला आहे. तिचा विस्तार ७२,००० श्लोकांचा सांगतात. येथें श्लोक हें मोजमाप आहे. ग्रंथ गद्य असला तरी बत्तीस अक्षरांचा एक श्लोक धरून त्याची लांबी सांगण्याची जुनी रीत होती. म्हणजे धवलेंत तेवीस लाखांवर अक्षरें आहेत. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजार, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या विस्ताराची कल्पना येईल.

याशिवाय गुणधराचार्यांच्या कषायप्राभृत नांवाच्या गाथाग्रंथावर, यतिवृषभांच्या चूर्णीसह, वीरसेनांनीं दुसरी टीका आरंभिली. तिचे वीस हजार श्लोक झाल्यावर त्यांचा देहान्त झाला. शिष्य जिनसेनांनीं पुढील चाळीस हजार लिहून शके ७५९ मध्यें, राजा अमोघवर्षाच्या अमदानींत, ती पूर्ण केली. तीच जयधवला. गाथा, तीवर चूर्णि, चूर्णीवर टीका, असे एकावर एक तीन थर तींत आहेत.

धवलेची मांडणी पाहण्यासारखी आहे. आधीं मूळ सूत्र येतें. मग वीरसेन त्याचा एकेक शब्द घेतात, त्यावर शंका उपस्थित करतात, समाधान करतात, समाधानावर पुन्हां शंका घेतात. भाषा कधीं प्राकृत, कधीं संस्कृत. एकाच परिच्छेदांत दोन्ही मिसळलेल्या. ग्रंथ वाचीत असतां एखाद्या मठांत गुरु आणि चाणाक्ष शिष्य यांचा वाद कानीं पडत आहे, असा भास होतो. पूर्वाचार्यांचीं मतें जेथें जुळत नाहींत, तेथें वीरसेन दोन्ही मतें नोंदवितात, आणि निर्णय देणारा सर्वज्ञ नसतां दोन्हींचा संग्रह करावा, असें सांगतात. स्वतःचें मत प्रतिष्ठित करण्यासाठीं दुसऱ्याचें पुसून टाकणें त्यांस मान्य नव्हतें.

या धर्मग्रंथांत गणितहि मुबलक आहे. जीवांच्या संख्या इतक्या अफाट कीं, त्या सांगण्यास नेहमींची रीत पुरेना. तेव्हां ‘अर्धच्छेद’ नांवाची युक्ति योजिली आहे. एखादी संख्या किती वेळां निम्मी केली असतां एक उरतो, ती गणना म्हणजे तिचे अर्धच्छेद. चौसष्टाचे अर्धच्छेद सहा. आठाचे तीन, सोळाचे चार. आठ गुणिले सोळा म्हणजे एकशें अठ्ठावीस, आणि त्याचे अर्धच्छेद तीन अधिक चार, म्हणजे सात. गुणाकाराचें काम बेरजेवर आणणारी ही रीत शाळेंत लॉगॅरिथम म्हणून शिकवितात. युरोपांत नेपियरनें आपलें कोष्टक १६१४ सालीं छापलें. धवला छापून निघाल्यावर प्राध्यापक अवधेश नारायण सिंह यांनीं तिच्यांतील गणितावर स्वतंत्र निबंध लिहिला, तेव्हां ही गोष्ट गणितज्ञांच्या नजरेस आली.

आतां ज्या प्रतींवर हें सारें टिकलें, त्यांकडे वळूं. कर्नाटकांत मंगळूरनजीक मूडबिद्री येथें सिद्धांत बसदि नांवाचें मंदिर आहे. तेथें जुन्या कन्नड लिपींत लिहिलेलीं या ग्रंथांचीं ताडपत्रें जतन केलेलीं आहेत. तीं बाराव्या शतकाच्या आरंभींचीं, होयसळ काळांतील आहेत. कांहीं पानांवर रंगीत चित्रें काढलेलीं आहेत. योगायोग असा कीं, त्याच सुमारास उत्तर फ्रान्समधील लाँ येथील कॅथीड्रलच्या पाठशाळेंत बायबलच्या मूळ पाठाभोंवतीं समासांत आणि ओळींमध्यें टीपा लिहून एक सटीप बायबल सिद्ध होत होतें. तेथें पान रुंद, म्हणून टीका मूळ पाठाच्या चोहोंकडे बसली. ताडपत्र लांब आणि चिंचोळें. तेथें समासास जागा कोठली? म्हणून सूत्र आणि टीका एकाच ओळींत, एकापाठोपाठ, शब्दांमध्यें जागा न सोडतां लिहिलीं गेलीं. मूळ कोठें संपलें आणि टीका कोठें सुरू झाली, हें जाणत्यानेंच ओळखावें.

महाबंधाच्या पोथींत तर आणखी गंमत आहे. तिच्या आरंभींच्या पानांवर महाबंध नाहींच. तेथें सत्कर्मपंजिका नांवाचें, धवलेच्या अखेरच्या भागांतील कठीण स्थळांवरचें टिपण आहे. त्यानंतर महाबंध सुरू होतो. आगम, त्यावरील टीका आणि टीकेवरील टिपण एकाच भांडारांत, एकाच बासनांत राहिलीं. मठांतील अभ्यासी मुनींस जें लागे, तें एकत्र बांधलेलें होतें.

या पोथ्या लिहविल्या कोणीं? धवलेच्या एका प्रतीच्या प्रशस्तींत देमियक्क या स्त्रीचें नांव आहे. श्रुतपंचमी व्रताच्या उद्यापनास तिनें ती प्रत शुभचंद्र सिद्धांतदेवांस अर्पण केली. महाबंधाची प्रत मल्लिकब्बे नांवाच्या राणीनें लिहवून माघनंदि मुनींस दिली. व्रताच्या उद्यापनास ग्रंथ लिहवून देण्याची ही चाल नसती, तर हें शास्त्र आज उरतें ना.

परंतु कालांतरानें कन्नड लिपीचें तें जुनें वळण वाचणारे थोडे उरले. इतर ठिकाणच्या प्रती नाहींशा झाल्या. पोथ्या पूजेच्या वस्तु बनल्या. यात्रेकरूंनीं त्यांचें दर्शन घ्यावें, द्रव्य ठेवावें आणि परत जावें. १८८३ सालीं मुंबईचे शेठ माणिकचंद पानाचंद यात्रेस गेले असतां त्यांनीं हीं ताडपत्रें पाहिलीं आणि त्यांची जीर्ण अवस्था पाहून ते अस्वस्थ झाले. त्यांनीं ती हकीकत सोलापूरच्या हिराचंद नेमचंदांस कळविली. हिराचंद दुसऱ्याच वर्षीं स्वतः मूडबिद्रीस जाऊन आले. मंदिराच्या चालकांचें मन वळविण्यांत, वर्गणी जमविण्यांत आणि वाचणारा पंडित शोधण्यांत दहा-बारा वर्षें गेलीं. अखेर १८९६ सालीं श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरि शास्त्री आणि मिरजेचे गजपति उपाध्याय यांनीं कामास प्रारंभ केला. शास्त्रीबोवा थोड्याच दिवसांत वारले. गजपति उपाध्यायांनीं पुढें सुमारें सोळा वर्षें एकट्यानें लेखणी चालविली. महाबंधाची नागरी नक्कल लोकनाथ शास्त्री यांनीं केली. सर्व काम आटोपलें तेव्हां १९२२ साल उजाडलें होतें.

तरीहि ग्रंथ मोकळे झाले नाहींत. प्रती करूं द्याव्या, पण त्या मूडबिद्रीबाहेर जाऊं नयेत, अशी तेथील पंचांची अट होती. या अटीकडे आजच्या दृष्टीनें पाहून हंसूं नये. ज्यांनीं आठशें वर्षें हीं पानें पूर, आग आणि राज्यक्रांति यांतून सांभाळलीं, त्यांस हा ठेवा बाजारांत जाईल आणि आपलें क्षेत्र ओस पडेल, असें भय वाटणें स्वाभाविक होतें. परंतु एकाच ठिकाणीं असलेला ग्रंथ एकाच अपघातानें नाहींसा होतो, हेंहि तितकेंच खरें.

यांतून एक विलक्षण प्रकार घडला. गजपति उपाध्यायांनीं मंदिरासाठीं नक्कल करीत असतांच घरीं गुप्तपणें दुसरी प्रत करविली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कन्नड लिपि जाणत असत. ती प्रत सिद्ध होण्यांत त्यांचा हातभार होता. ती घेऊन उपाध्याय प्रथम हिराचंद आणि माणिकचंद यांच्याकडेच गेले. ज्या ग्रंथांसाठीं या दोघांनीं आयुष्याचीं इतकीं वर्षें वेंचलीं, ते आतां त्यांच्या दारीं आले होते. तथापि दोघांनींहि ती प्रत घेण्याचें नाकारलें. कारण दिलेल्या शब्दाचा भंग करून आलेली वस्तु घेणें त्यांस नीतीचें वाटलें नाहीं. मग सहारणपूरचे लाला जंबूप्रसाद यांनीं ती प्रत विकत घेऊन आपल्या मंदिरांत ठेविली. तेथें तिची नागरी नक्कल होत असतां पंडित सीताराम शास्त्री यांनीं एक प्रत स्वतःजवळ राखली, आणि तिजवरून आरा, कारंजा, अमरावती वगैरे अनेक ठिकाणीं प्रती पोहोंचल्या. हिराचंदांचें करणें योग्य कीं उपाध्यायांचें, याचा निवाडा सोपा नाहीं. एकानें शब्द पाळला. दुसऱ्यानें तो मोडला म्हणून ग्रंथ देशभर गेला. दोघांच्याहि अंतःकरणांत ग्रंथाविषयीं आस्था होती, एवढें मात्र मानावें लागतें.

या हिंडत्या प्रतींवरूनच वऱ्हाडांत अमरावती येथें छपाईचा उद्योग सुरू झाला. तेथील किंग एडवर्ड कॉलेजांत संस्कृतचे प्राध्यापक असलेले डॉ. हिरालाल जैन यांनीं अमरावती, आरा आणि कारंजा येथील प्रती ताडून, हिंदी अनुवादासह धवलेचा पहिला भाग १९३९ सालीं प्रसिद्ध केला. कोल्हापूरचे डॉ. आ. ने. उपाध्ये त्यांस साहाय्य करीत होते. सोळा भागांचें हें काम १९५८ च्या सुमारास संपलें. दरम्यान जयधवला मथुरेहून आणि महाबंध काशीच्या भारतीय ज्ञानपीठाकडून निघूं लागले.

येथें तो एक शब्द आडवा आला. ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणांतील त्र्याण्णवावें सूत्र मनुष्य-स्त्रीविषयीं आहे. आत्मोन्नतीच्या चौदा पायऱ्यांपैकीं कोणकोणत्या पायऱ्यांवर ती पूर्ण विकसित अवस्थेंतच असते, हें त्यांत सांगितलें आहे. ‘संजद’, म्हणजे संयत, पूर्ण संयम पाळणारा, हा शब्द अमरावतीच्या संपादकांपुढें असलेल्या प्रतींत त्या ठिकाणीं नव्हता. आधीं ‘असंजद’, मग ‘संजदासंजद’, आणि तेथेंच सूत्र थांबत होतें. संपादकांनीं मूळ पाठ आहे तसा छापला, पण तळटीपेंत नमूद केलें कीं, येथें ‘संजद’ हा शब्द गळला असावा.

त्यांनीं हें ओळखलें कशावरून? वीरसेनांच्या टीकेवरून. त्या सूत्राखालीं टीकाकार एक शंका घेतात: या आर्ष वचनावरून तर स्त्रीदेहानेंच मुक्ति मिळते असें सिद्ध होईल, त्याचें काय? आणि मग ते आपल्या संप्रदायानुसार तिचें निरसन करतात. सवस्त्र असल्यामुळें तेथें पूर्ण संयम संभवत नाहीं, सूत्रांतील स्त्रीत्व भावाचें समजावें, देहाचें नव्हे, असा त्यांचा आशय आहे. आतां सूत्रांत ‘संजद’ शब्दच नसता, तर स्त्रीस पूर्ण संयम सांगितला असें कोणास वाटलें असतें? शंकेला आधारच उरत नाहीं. म्हणजे वीरसेनांच्या डोळ्यांपुढें नवव्या शतकांत जो पाठ होता, त्यांत तो शब्द असलाच पाहिजे. मूळ पाठ गळाला, पण टीकेनें त्याची साक्ष राखली.

शब्द गळला कसा, हेंहि समजण्यासारखें आहे. ‘संजद’ हीं तीन अक्षरें त्या ओळींत पुन्हां पुन्हां येतात. नकलकाराची नजर एकावरून उचलली जाऊन दुसऱ्यावर पडली कीं मधला शब्द नाहींसा होतो. बारामतीच्या मंडळींस याचें मर्म लवकर पटेल. मोरोपंतांनीं आयुष्याचा मोठा भाग तेथेंच काव्यरचनेंत घालविला. त्यांच्या आर्येंत एक अक्षर गळलें तर मात्रा तुटतात आणि वाचणाऱ्याच्या कानास तें तत्काळ खटकतें. छंद हाच पाठाचा पहारेकरी असतो. गद्य सूत्रास असा पहारेकरी नाहीं. तेथें राखण करावयाची ती टीकेनें आणि दुसऱ्या प्रतीनें. पैठणास एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची पाठशुद्धि केली, ती याच गरजेपोटीं.

हा वाद केवळ पंडितांपुरता नव्हता. स्त्रीस त्याच देहानें मोक्ष मिळतो कीं नाहीं, हा दिगंबर आणि श्वेतांबर यांमधील फार जुना मतभेद आहे. श्वेतांबर मिळतो म्हणतात, दिगंबर नाहीं म्हणतात. दिगंबरांच्या सर्वांत प्राचीन आगमांत हा शब्द निघाल्यास आपल्या मताचा पाया डळमळेल, असें कित्येकांस वाटलें. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, खुद्द वीरसेनांनींच शब्द मान्य करून त्याचा अर्थ लाविला आहे. मग भीति कशाची? पुढें मूडबिद्रीच्या भट्टारकांनीं आणि पंचांनीं उदारपणें अनुमति दिली, १९४१ च्या सुमारास छापील पाठ ताडपत्रांशीं ताडून पाहणें सुरू झालें, आणि ताडपत्रावर ‘संजद’ हा शब्द आढळून आला. तळटीपेंतील अनुमान खरें ठरलें. देमियक्केसारख्या स्त्रियांनीं लिहवून दिलेल्या पोथ्यांच्या त्या भांडारांतच स्त्रीविषयींचा तो शब्द सुरक्षित राहिला होता.

त्याच वेळीं या प्रश्नास बारामतीच्या शेजारीं आणखी एक वळण मिळालें. दिगंबर मुनिपरंपरेचें पुनरुज्जीवन करणारे आचार्य शांतिसागर यांचा विहार फलटण, बारामती, लोणंद या भागांत अनेकदां होई. १९४४ च्या सुमारास कुंथलगिरीस त्यांच्या कानीं आलें कीं, महाबंधाच्या ताडपत्रांतील कांहीं हजार श्लोक किडीनें खाऊन टाकले आहेत. त्यांच्या मनाला तें फार लागलें. कागद जातो, ताडपत्र जातें. तांबें तरी टिकेल, म्हणून हे ग्रंथ ताम्रपटांवर कोरावे, असा त्यांनीं संकल्प सांगितला. श्रावकांनीं द्रव्य उभें केलें, जिनवाणी जीर्णोद्धारक संस्था निघाली, आणि कोरलेले ताम्रपट फलटणास जतन करण्यांत आले.

आणि तांब्यावर कोरावयाचें ठरतांच तो प्रश्न पुन्हां उभा राहिला: त्र्याण्णवाव्या सूत्रांत ‘संजद’ घालावा कीं गाळावा? कागदावरील चूक खोडतां येते. तांब्यावरील चूक शतकानुशतकें राहते. विद्वानांचे तट पडले, लेख-प्रतिलेख निघाले, आणि प्रथम तो शब्द गाळण्याचा निर्णय झाला. परंतु पाठनिर्णयाचें काम बहुमतानें होत नसतें. ताडपत्राची साक्ष, टीकेची साक्ष आणि ग्रंथांतील इतर सूत्रांशीं असलेली सुसंगति या तिहींपुढें अखेर आक्षेप टिकला नाहीं. सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघानें १९७३ सालीं पहिल्या भागाची सुधारलेली आवृत्ति काढली, तींत ‘संजद’ हा शब्द तळटीपेंतून उठून मूळ सूत्रांत आपल्या जागीं बसला. ज्या सोलापुराहून हिराचंद नेमचंद १८८४ सालीं निघाले होते, तेथेंच हें वर्तुळ पूर्ण झालें.

या सर्व प्रकारावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ग्रंथ टिकवावयाचा तर तो नुसता बळकट वस्तूवर लिहून भागत नाहीं. ताडपत्र आठशें वर्षें टिकलें, पण वाचणारा नव्हता तोंवर तें मुकें होतें. तांबें किडत नाहीं, पण त्यावर चुकीचें अक्षर कोरलें तर चूकच अमर होते. नकला पुष्कळ झाल्या, पण सर्वांचें मूळ एक असल्यानें एकीची चूक सर्वांत उतरली. ग्रंथाचें रक्षण तीन गोष्टींनीं होतें: जुनी प्रत जपणें, तिच्या नकला मोकळ्या हातानें होऊं देणें, आणि वाचतांना मतापेक्षां अक्षराला मान देणें. आपल्या मतास अडचणीचा असलेला पाठहि जसाच्या तसा ठेवावा आणि मग त्याचा अर्थ लावावा, हा कित्ता वीरसेनांनीं सुमारें बाराशें वर्षांपूर्वीं घालून दिला होता.

ज्येष्ठ शुद्ध पंचमीस अजूनहि जिनमंदिरांतून शास्त्रें बाहेर काढतात, धूळ झटकतात, नवीं वेष्टनें घालतात. पावसाळा तोंडावर आलेला असतो. ओल लागण्यापूर्वीं पोथ्यांस ऊन दाखविण्याची ही व्यवहारी युक्ति व्रताच्या रूपानें घरांत शिरली आहे. बारामती आणि इंदापूरच्या जुन्या वाड्यांतून, मग ते जैनांचे असोत, ब्राह्मणांचे असोत वा मराठ्यांचे, माळ्यावर किंवा फडताळांत कापडांत बांधलेलीं दप्तरें अद्याप निघतात. त्यांत एखादा जमाखर्च असेल, एखादी आर्यांची वही असेल, एखादी सटीप गीता असेल. वाळवीस त्यांतील भेद कळत नाहीं. वर्षांतून एक दिवस तीं सोडावीं, उन्हांत ठेवावीं, जाणत्यास दाखवावीं आणि त्यांची एक नक्कल दुसऱ्या ठिकाणीं राहील अशी तजवीज करावी. आज तें काम छायाचित्रानें घटकाभरांत होतें. त्यास ना सोळा वर्षें लागत, ना कोणास दिलेला शब्द मोडावा लागत.